रेणवीय प्रतिरूपणातील विदासंचय

रेणूंच्या त्रिमितीय रचना व हालचाली यांचा संगणकाद्वारे अभ्यास करताना लागणारी आणि त्यातून निर्माण होणारी माहिती (विदा) साठविण्याची व्यवस्था. संशोधकाच्या स्वतःच्या संगणकावरील संचयास स्थानिक, तर अनेकांना जाळ्याद्वारे उपलब्ध असणाऱ्या संचयास सामायिक संचय म्हणतात.

आकारमान : रेणूच्या रचनेची नोंद म्हणजे मुख्यतः प्रत्येक अणूचे मूलद्रव्य आणि त्याचे तीन सहनिर्देशक यांची यादी होय. एका प्रथिनाची अशी यादी लहान असते. परंतु रेणवीय गतिकीत ती क्षणोक्षणी नव्याने लिहावी लागते. १ लाख अणूंच्या प्रणालीत प्रत्येक सहनिर्देशकास ४ बाइट धरल्यास एका क्षणाच्या नोंदीस १२ लाख बाइट लागतात. अशा १ लाख नोंदी सु. १२० गिगाबाइट होतात. जाळ्यातून सतत लिहिणे पुष्कळदा मंद ठरते. म्हणून गणन चालू असताना नोंदी सामान्यतः स्थानिक चकतीवर घेतात आणि ते संपल्यावर सामायिक संचयात हलवितात.

सामायिक संग्रह : ‘प्रोटीन डेटा बँक’ हा या प्रकारातील प्रमुख संग्रह होय. तो १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत केवळ ७ रचनांनिशी सुरू झाला. २००३ मध्ये अमेरिका, यूरोप व जपान येथील केंद्रांनी त्याच्या एकत्रित व्यवस्थेसाठी जागतिक संघटना स्थापिली. २०२३ मध्ये रचनांची संख्या २ लाखांवर गेली. त्याच्या मूळ नोंदपद्धतीवर छिद्रित पत्रांची छाप होती : एका ओळीत ८० स्तंभ व अणुक्रमांकास ५ स्तंभ. त्यामुळे एका फाइलीत ९९,९९९ पेक्षा अधिक अणूंना क्रमांक देता येत नसत आणि रिबोसोमासारख्या प्रचंड रचना अनेक फाइलींत विभागाव्या लागत. २०१४ पासून ही मर्यादा नसलेली नवी पद्धती प्रमाण मानली जाते.

दक्षता : संग्रहातील नोंदी सुधारल्या जातात, काही रद्द होऊन त्यांच्या जागी नव्या येतात. स्थानिक प्रत मात्र आपोआप बदलत नाही. जुन्या प्रतीवर औषधरेणूची जुळणी केल्यास गणन बिनचूक असूनही निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. म्हणून स्थानिक प्रतीसोबत नोंदीचा संकेतांक, आवृत्ती व ती घेतल्याचा दिनांक लिहून ठेवणे आवश्यक असते. प्रतिरूपणात हायड्रोजन अणू जोडणे, पाण्याचे रेणू काढणे असे फेरफार केले जातात. त्यांची फाइल वेगळ्या नावाने ठेवावी. मूळ फाइल केवळ वाचनासाठी खुली असावी. सामायिक फाइल दोघांनी एकाच वेळी बदलल्यास नंतरचे लेखन आधीचे पुसून टाकते. हे टाळण्यासाठी लेखनाचा अधिकार एका वेळी एकालाच देतात. सामायिक संचय म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, कारण तेथील चूक सर्वांपर्यंत पोहोचते. यासाठी स्वतंत्र ठिकाणी आणखी एक प्रत ठेवतात.

प्रारंभीची रचना, गणनाचे प्रचल आणि आज्ञावलीची आवृत्ती जपून ठेवल्यास हालचालींच्या नोंदी नष्ट झाल्या, तरी गणन पुन्हा करता येते. ही माहिती हरवल्यास मात्र उरलेल्या अवाढव्य नोंदींचा पडताळा घेणे जवळजवळ अशक्य होते.