ठिपक्याचे वजन

जी वस्तू दुर्बिणीतून नुसता एक ठिपका दिसते, तिचे वजन कसे करायचे? (वजन हा बोलण्यातला शब्द; आपल्याला हवे आहे ते वस्तुमान.)

१८६६ सालच्या मे महिन्यात मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना असाच एक ठिपका सापडला. त्या काळी ताऱ्यांच्या नकाशाशी आकाश ताडून पाहायचे, नकाशात नसलेला ठिपका हेरायचा आणि पुढच्या रात्री तो सरकला का हे बघायचे, असा हा चिकाटीचा उद्योग होता. पॉगसन त्यात मुरलेले होते. त्यांच्या ठिपक्याची ८७ वा लघुग्रह म्हणून नोंद झाली. नाव मिळाले सिल्व्हिया. मंगळ आणि गुरू यांच्यामधील लघुग्रहांच्या पट्ट्यात, बाहेरच्या कडेला, सूर्यापासून सरासरी ५२ कोटी किलोमीटरवरून ती फिरते. एका फेरीला साडेसहा वर्षे लागतात.

पण या कक्षेवरून तिचे वस्तुमान कळत नाही. वर्गात हे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. त्याच कक्षेत एखादा फुटबॉल सोडला, तरी त्यालाही साडेसहा वर्षेच लागतील! कक्षेवरून कळते ते मधल्या सूर्याचे वस्तुमान. सिल्व्हियाचे हवे असेल, तर तिच्याभोवती फिरणारे काहीतरी पाहिजे.

ते २००१ साली सापडले. वातावरणाच्या थरथरीने पुसट होणारी प्रतिमा लवचिक आरशाने क्षणोक्षणी सुधारण्याची सोय हवाई बेटावरील केक दुर्बिणीत होती. तीतून सिल्व्हियाशेजारी एक इवलासा चंद्र दिसला. २००४ मध्ये चिलीतील दुर्बिणीतून दुसरा मिळाला. दोन चंद्र असलेला लघुग्रह तोवर कोणाला ठाऊक नव्हता. रोमन कथेतील रिआ सिल्व्हियाच्या जुळ्या मुलांवरून त्यांना रोम्युलस आणि रेमस म्हणतात.

रोम्युलस सुमारे १३५० किलोमीटर अंतरावरून ३.६४ दिवसांत एक फेरी घालतो. अंतराचे मीटर व दिवसांचे सेकंद करा. अंतराच्या घनाला ४π² ने गुणा आणि गुरुत्वस्थिरांक व काळाचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर येते सुमारे १५ वर १८ शून्ये इतके किलोग्रॅम, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ चार लाखावा भाग.

सिल्व्हियाचा आकार बटाट्यासारखा लांबट, सरासरी व्यास सुमारे २७० किलोमीटर. त्यावरून घनता काढली, तर ती पाण्याच्या १.४ पट भरते. आपला काळा पाषाण पाण्याच्या जवळपास तिप्पट जड असतो! तेव्हा सिल्व्हिया म्हणजे एकसंध खडक नव्हे. आत पोकळ्या असाव्यात, बर्फ असावे, किंवा दोन्हीही.

रेमस सुमारे ७०० किलोमीटरवरून १.३७ दिवसांत फिरतो. त्याच्यावरून सिल्व्हियाचे वस्तुमान तेवढेच येते का, ते वहीत करून पाहा.