चकती फिरते आहे का

आपत्तीतून वाचलेल्या वृद्धांचे नैराश्य सहसा रडण्यातून दिसत नाही. ते गुडघ्यात उतरते, अन्नावरची वासना घालवते, पहाटे तीनला जाग आणते आणि पुन्हा डोळा लागू देत नाही. आजोबा दवाखान्यात येतात ते गुडघा घेऊन, आणि बहुतेक वेळा गुडघ्याचीच गोळी घेऊन परत जातात. ‘या वयात चालायचंच’ हे घरच्यांचे उत्तर असते, डॉक्टरांचेही फारसे वेगळे नसते.

या अडचणीवर १९८०च्या दशकात अमेरिकेत एक साधे साधन तयार झाले. वृद्धांसाठीच्या या नैराश्य-मापिकेत सुरुवातीला तीस प्रश्न होते. आज बहुतेक ठिकाणी वापरतात ती १५ प्रश्नांची. उत्तर फक्त हो किंवा नाही. झोप, भूक, अंगदुखी यांबद्दल तिच्यात मुद्दामच काही विचारलेले नाही, कारण म्हातारपणी या तक्रारी मन ठीक असतानाही असतात. पाच किंवा जास्त गुण झाले की पुढची तपासणी करायची. या १५ प्रश्नांपैकी एक बाहेर जाण्यापेक्षा घरीच राहावेसे वाटते का, असा आहे. आपत्तीनंतर हा प्रश्न चमत्कारिक होतो. घर वाहून गेलेले असते, आणि बाहेर जायचे तर कुणाकडे, याचे उत्तरही त्याच्याबरोबर गेलेले असते.

सामाजिक आधार म्हणजे मदत, असे ढोबळमानाने समजले जाते. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, प्रत्यक्ष मिळालेली मदत: धान्य, पत्रे, औषधे, अर्ज भरून देणारे कुणी. दुसरी, वेळ आली तर आपल्यासाठी कुणी धावून येईल ही खात्री. मन तगते ते मुख्यतः दुसरीवर. अमेरिकेतील केंटकी राज्यात १९८४ साली आलेल्या पुरानंतर क्रिस्टॉफ कनियास्टी आणि फ्रॅन नॉरिस या संशोधकांनी वृद्धांचा अभ्यास केला. त्यांच्याकडे पुराच्या आधीची माहितीही होती, आणि अशी संधी फार क्वचित मिळते. पुराने या लोकांची ती खात्रीच खाल्ली, असे दिसले. कारण उघड आहे. ज्याच्या भरवशावर राहायचे, तो शेजारीही त्याच पाण्यात बुडालेला असतो.

मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली; सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचे माप कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. काम मोठे होते आणि ते झाले, हे मान्य करायला हवे. पण नवी गावे जुन्यापेक्षा कितीतरी पट जागेवर पसरली. रस्ते सरळ आणि रुंद झाले. जुन्या गल्लीत म्हातारी ओट्यावर बसली की येणारा-जाणारा आपोआप बोलून जाई. नव्या गावात तिला बोलायला उठून जावे लागले, आणि गुडघे तर आधीच गेलेले. सरकारी भाषेत याला सुनियोजित वसाहत म्हणतात. मदतीच्या हिशोबात घर मिळाले की माणसाचे पुनर्वसन झाले; ओटा कोणत्याच यादीत नव्हता.

जपानमधील कोबे शहराचा अनुभव याहून बोचरा आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात ६,४३४ माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक साठीच्या पुढची होती. सरकारने ४८ हजारांहून अधिक तात्पुरती घरे उभारली. वाटप सोडतीने झाले आणि त्यात वृद्ध व अपंगांना अग्रक्रम दिला गेला. हेतू चांगला होता. परिणाम असा की जुन्या मोहल्ल्यांतील वृद्ध एकेक करून उचलले गेले, आणि शहराबाहेरच्या टेकड्यांवर किंवा समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर अनोळखी वृद्धांशेजारी ठेवले गेले. भिंती इतक्या पातळ की पलीकडचा खोकला ऐकू यावा. खोकणाऱ्याचे नाव मात्र ठाऊक नाही.

जानेवारी २००० मध्ये शेवटचे तात्पुरते घर रिकामे होईपर्यंत या घरांमध्ये २३३ माणसे एकटी मेली. त्यासाठी जपानी भाषेत शब्द आहे, ‘कोदोकुशी’, एकाकी मृत्यू. हे २३३ जण काही सगळेच जख्ख म्हातारे नव्हते. त्यांत पुरुष जास्त होते, आणि पन्नाशी-साठीतले, काम गेलेले, दारूला लागलेले बरेच होते. बायकांना निदान भाजी कुठे स्वस्त मिळते हे विचारायला कुणाचे तरी दार वाजवता येत होते.

या वसाहतींमध्ये एक नवे काम जन्माला आले: फेरी. कोबेच्या पश्चिमेकडील सेइशिन येथील हजाराहून अधिक घरांच्या वसाहतीत हिरोको कुरोदा या परिचारिकेने रुग्णालयातील मोठ्या पदाची नोकरी सोडून मुक्काम ठोकला आणि चोवीस तासांची देखरेख सुरू केली. फेरी घालणाऱ्याचे काम बाहेरून पाहिले तर काहीच वाटत नाही. तो खडीवरून चालत जातो. पत्रपेटीत कालचे वर्तमानपत्र तसेच आहे का, पाहतो. दांडीवरचे कपडे परवाचेच आहेत का, रात्री दिवा लागला का, सकाळी पडदा सरकला का. दाराला उत्तर आले नाही तर भिंतीवरच्या वीज मीटरसमोर थांबतो. जुन्या मीटरमध्ये धातूची चकती असते. ती फिरत असेल तर आत काहीतरी चालू आहे. अगदीच हळू फिरत असेल तर फक्त फ्रीज चालू असेल. मग पुन्हा दार वाजवायचे, जोरात. वृद्धांच्या मानसिक आरोग्यावर बरीच जाडजूड पुस्तके लिहिली गेली आहेत. त्यांच्या शेजारी ही चकती ठेवायला हरकत नाही.

पण दार वाजवून ‘कसे आहात’ विचारले की ‘ठीक आहे’ हेच उत्तर येते, जपानमध्ये तर हमखास. २३३ या आकड्यात असे ‘ठीक’ म्हणणारे किती असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही. त्यावर निघालेला उपाय म्हणजे ‘आशियु’, पायांना गरम पाण्याचा शेक. कोबेत स्वयंसेवकांनी तो सुरू केला. २०११च्या त्सुनामीनंतर तो ईशान्य जपानच्या किनाऱ्यावर पोहोचला. घमेल्याएवढ्या टबात सोसवेल इतके गरम पाणी. आजी खुर्चीवर, विशीतला पोरगा खाली जमिनीवर. तो दहा-पंधरा मिनिटे तिचे हात चोळतो, एकेक बोट. तो खाली बसलेला असतो, हे महत्त्वाचे. चौकशी करणारा उभा असतो. बोलणे गुडघ्यांवरून सुरू होते, आणि पाणी कोमट होईपर्यंत वाहून गेलेल्या शेतावर किंवा वेळेवर न आलेल्या मुलावर पोहोचते. टिपण समोर काढत नाहीत. बाई गेल्यावर तिचे पुटपुटणे कार्डावर उतरवले जाते आणि गरज असेल तर परिचारिकेकडे जाते. निघताना बऱ्याच म्हाताऱ्या त्या पोराला जेवलास का विचारतात, खिशात काहीतरी कोंबतात. इथे आधार उलट्या दिशेने वाहतो. वृद्धाला सतत घेणारा करून ठेवणे हाही नैराश्याचा एक रस्ता आहे, हे छावण्या चालवणाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा येते.

मियागी प्रांतातील इवानुमा या शहराने कोबेचा धडा गिरवला. तेथील पासष्टीपुढच्या रहिवाशांची पाहणी ११ मार्च २०११च्या त्सुनामीआधी सात महिने झालेली होती, तीही योगायोगाने. २०१३ मध्ये त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक जणांना पुन्हा गाठले गेले, १५ प्रश्नांसकट. या माहितीवर हिरोयुकी हिकिची, इचिरो कवाची आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दोन रांगा वेगळ्या दिसल्या. सोडतीने किंवा स्वतः शोधून एकेकटे हलले त्यांचे जाणे-येणे, मंडळांतला सहभाग घटला. वस्तीच्या वस्ती एकत्र हलवली गेली त्यांचा मात्र वाढला. याच वृद्धांच्या आणखी एका अभ्यासात, गटाने व्यायाम करणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी होताना दिसली. इथे थोडी शंका ठेवलेली बरी: ज्याचे मन आधीच सावरते आहे, तोच सकाळी उठून व्यायामाला जातो. एकत्र स्थलांतराच्या बाबतीत ही शंका तितकी लागू होत नाही, कारण पुष्कळ जणांच्या वाट्याला सोडत आली की समूह, हे त्यांच्या मनःस्थितीने ठरवले नव्हते.

इवानुमात किनाऱ्यावरच्या सहा वस्त्यांना तात्पुरती घरे वस्तीवार दिली गेली, आणि पुढे तामाउरा-निशी ही नवी वसाहतही त्याच शेजारावर बांधली. त्यासाठी जास्तीचे सिमेंट लागले नाही. यादी आडनावांच्या क्रमाने न करता गल्लीच्या क्रमाने करावी लागली. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे दरड येते, पूर येतो, आणि तहसील कचेरीत घरवाटपाचा अर्ज छापला जातो. त्यात जमीन किती, कुटुंबात माणसे किती, असे रकाने असतात. आणखी एक घालावा: शेजारी कोण हवे.