चिपचे टाकाऊ द्राव: कशातून काय मिळते?

कारखान्यातून बाहेर काय पडते?
सिलिकॉनच्या वेफरवर थर चढवला किंवा कोरला की ती आम्लांनी आणि अतिशुद्ध पाण्याने धुतात. एकदा वापरलेले आम्ल चिपसाठी बाद. इतर उद्योगांना मात्र चालते.

- सल्फ्युरिक आम्ल: उरलेले हायड्रोजन पेरॉक्साइड काढून टाकले की तुरटी बनवायला उपयोगी.
- अमोनिया: कॉस्टिक सोड्याने सामू चढवला की वायू सुटतो. तो सल्फ्युरिक आम्लात शोषून अमोनियम सल्फेट तयार होते. हेच खत, नत्र सुमारे २१ टक्के.
- तांबे: विद्युत-अपघटनाने धातू परत.
- हायड्रोफ्लोरिक आम्ल: सर्वांत त्रासदायक, त्वचेतून आत शिरते. चुना घातला की कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा गाळ बसतो. सोडियम व ॲल्युमिनियमची संयुगे वापरली तर क्रायोलाइट मिळते. ॲल्युमिनियमच्या भट्टीत तेच लागते.

नागपूरचा धागा
फ्लोराइड विदर्भातल्या विहिरींनाही नवे नाही. पिण्याच्या पाण्यातून ते तुरटी व चुन्याने काढणारी ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८) १९७० च्या दशकात विकसित केली. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तर १.५. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात २.

कायदा
घातक कचरा नियम, २०१६ (नियम ९): असा कचरा कच्चा माल म्हणून वापरायचा तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हवी.