साहेबांची बढती कोण ठरवतं?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कुणाचा मुलगा, कुणाचा दीर, कुणाचा जावई फौजेत असतो. भरतीला किती धावायचं, छाती किती लागते, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण ज्यांच्या हुकमावर ही पोरं सीमेवर जातात, ते मोठे साहेब वर कसे चढतात आणि त्यांना काढतात कसं, हे आपण विचारत नाही. आज तेच सांगतो.

लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती बहुतेक नोकरीच्या वर्षांवर मिळते. कर्नलपासून पुढे निवड मंडळ बसतं. जागा थोड्या, उमेदवार फार. मंडळ मुख्यतः पाहतं ते वरिष्ठांनी वर्षानुवर्षं लिहिलेले गोपनीय अहवाल. लष्करप्रमुखाला मात्र सरकार नेमतं, आणि सर्वांत ज्येष्ठ असेल त्यालाच नेमावं असं बंधन नाही.

कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं उदाहरण घ्या. पूर्व विभागाचे प्रमुख असताना चीनचा धोका ओळखून त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाचा आराखडा वर पाठवला होता. निवृत्त होताना जनरल थिमय्या यांनी आपल्या जागी थोरातांचीच शिफारस केली. 1961 मध्ये नेमणूक झाली ती जनरल थापर यांची. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झालं, पराभव झाला, थापर पायउतार झाले आणि आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. थोरात असते तर युद्ध जिंकलं असतं, असं आम्ही म्हणणार नाही. पण एवढ्या मोठ्या निवडीची कारणं देशापुढे मांडण्याची सक्ती सरकारवर तेव्हा नव्हती, आजही नाही.

1983 मध्ये उलटं घडलं. ज्येष्ठ असलेल्या जनरल सिन्हांना मागे ठेवून अलिबागचे अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले. वैद्य दोनदा महावीरचक्र मिळवलेले, त्यांच्या पराक्रमाबद्दल शंका नाही. सिन्हांनी मात्र नोकरी सोडली.

काढण्याचं काय? तलाठ्याला बडतर्फ करायचं तर राज्यघटनेच्या कलम 311 प्रमाणे आधी आरोप कळवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, काही थोडे अपवाद सोडले तर. सैन्यातल्या माणसाला ते कलम लागूच नाही. 30 डिसेंबर 1998 ला नौदलप्रमुख विष्णू भागवत यांना सरकारने पदावरून काढलं. नागरी सरकारचा हा अधिकार हवाच, नाहीतर बंदूकवालेच राज्य करतील. पण अधिकार असला म्हणून कारण सांगू नये, असं थोडंच आहे? लष्करी न्यायाधिकरण तर 2009 मध्ये सुरू झालं.

आता बायकांचं. वैद्यकीय शाखा सोडून लष्कराच्या इतर शाखांत बायका अधिकारी म्हणून 1992 पासून आल्या, पण ठरावीक वर्षांपुरत्या. 17 फेब्रुवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम नोकरीचा हक्क दिला. तरी अनेकजणी गाळल्या गेल्या, त्या पुन्हा न्यायालयात गेल्या. 25 मार्च 2021 च्या निकालात खरी गोम उघडी पडली. या बाईला पुढे कायम व्हायचंच नाही असं गृहीत धरून वरिष्ठांनी तिचे अहवाल वरवर लिहिले होते. तेच अहवाल पुढे तिच्याविरुद्ध मोजले गेले, आणि नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षानंतरची तिची कामगिरी धरलीच नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईला तरुणपणाची तब्येत मागितली, ती वेगळीच. न्यायालयाने फेरविचार करायला लावला. कर्नलच्या बढतीतही अहवाल कुठल्या तारखेपर्यंतचे धरायचे यावरून भांडण झालं, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयाने ती तारीख मनमानी ठरवून मंडळ पुन्हा बसवायला सांगितलं.

आमच्या मते सुधारणा इथूनच हवी: नियम आधी जाहीर करा, अहवाल ज्याचा त्याला दाखवा, नाकारलं तर कारण लिहून द्या. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत 2022 पासून मुली आहेत. त्यांची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. त्यांच्या कर्नलपदाचा प्रश्न यायला अजून बरीच वर्षं आहेत, पण त्यासाठी मोजले जाणारे अहवाल लवकरच लिहायला लागतील.