मुकुटापासून सुरुंगापर्यंत

जुन्या कन्सोलवरच्या रोल-प्लेइंग खेळांत, म्हणजे काही पात्रांची सूत्रे हाती घेऊन त्यांना लढायांतून मिळणाऱ्या अनुभवाच्या बळावर हळूहळू समर्थ करत न्यायचे अशा खेळांत, सर्वाधिक नावे ठेवली गेली ती ‘फेच क्वेस्ट’ या प्रकाराला. अमुक वस्तू अमुक ठिकाणाहून आणून अमक्याच्या हाती द्यावी आणि मगच त्याने पुढची वाट मोकळी करावी, एवढेच त्याचे स्वरूप असते, आणि त्याला नुसते हेलपाटे म्हणून मोडीत काढणे सोपेही आहे. परंतु अशी एखादी कामगिरी पायरी-पायरीने खेळून पाहिली तर असे आढळते की, आणायची वस्तू हे केवळ निमित्त असते. खरे काम तयारीचे, खर्चाच्या हिशेबाचे आणि परतीच्या वाटेसाठी शिल्लक राखण्याचे असते.

याचे उत्तम उदाहरण ‘फायनल फँटसी’ या मालिकेच्या पहिल्याच खेळात सापडते. हिरोनोबू साकागुची यांच्या दिग्दर्शनाखाली स्क्वेअर या कंपनीने तो डिसेंबर १९८७ मध्ये जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलसाठी काढला, त्याची प्रोग्रॅमिंगची बाजू इराणी-अमेरिकन प्रोग्रॅमर नासिर गेबेली यांनी सांभाळली, आणि १९९० मध्ये तो इंग्रजीतून अमेरिकेत पोहोचला. पुढील विवेचनातील नावे त्या इंग्रजी आवृत्तीतील आहेत. सारा खेळ २५६ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मावलेला असून खेळाडूची प्रगती जपण्यासाठी त्यात बॅटरीवर चालणारी स्मृती होती. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील घरांत फॅमिकॉमच्या नकला ‘व्हिडिओ गेम’ म्हणून आल्या आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हटले जाऊ लागले, पण त्या कॅसेटींवर एका बैठकीत संपणारे धावपळीचे खेळच प्रामुख्याने असत. आठवडेच्या आठवडे जपून पुढे न्यायचा हा प्रकार त्या पिढीच्या फारसा वाट्याला आला नाही.

कथेच्या आरंभी चार योद्धे कोनेरिया राज्याच्या राजकन्येची सुटका करतात, राजा पूल बांधून देतो, पुढे प्रावोका या बंदरात बिके नावाच्या चाच्याचा पराभव करून त्याचे जहाज मिळवले जाते, आणि आता सारे जग खुले झाले असे वाटत असतानाच लक्षात येते की, हे जहाज चारी बाजूंनी जमिनीने वेढलेल्या एका आतल्या समुद्रात अडकलेले आहे. बाहेरच्या महासागराकडे जाणारी वाट एका चिंचोळ्या भूपट्टीने अडवली असून तिथे कालवा खोदण्याचा ध्यास घेतलेला नेरिक हा बुटका ‘टीएनटी’, म्हणजे सुरुंगाची दारू, नसल्यामुळे हात बांधून बसला आहे.

साखळी इथून उलटी उलगडते. सुरुंगाची दारू कोनेरियाच्या राजवाड्यातील कोठारात आहे. कोठाराचे दार ज्या गूढ किल्लीने बंद आहे ती एल्फलँडच्या राजपुत्राकडे आहे (एल्फ म्हणजे युरोपीय लोककथांतील एक मानवेतर वंश). राजपुत्र अ‍ॅस्टॉस या दुष्ट एल्फराजाच्या मंत्राने निद्रिस्त झाला असून त्याला जागे करणारी औषधी फक्त मटोया ही चेटकीण बनवू जाणते. मटोयाची दृष्टी असलेला स्फटिक चोरीला गेल्यामुळे ती आंधळी झाली आहे. आणि एका पडक्या गढीत एकटाच बसलेला राजा दलदलीच्या गुहेतील मुकुट आणून मागतो आहे. टोपी शिवून घेण्यासाठी दारोदार फिरणाऱ्या उंदराच्या गोष्टीत कापड तेच राहते आणि कारागीर बदलतात. इथे प्रत्येक दारी वस्तूच बदलते आणि आधीच्या वस्तूचा पुढे काही उपयोग उरत नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी की, हा क्रम खेळात कुठेही एकत्र मांडलेला नाही. अलीकडच्या खेळांत हाती घेतलेल्या कामांची यादी पडद्यावर असते आणि नकाशावर बाणही दाखवला जातो. इथे मात्र गावातील प्रत्येक माणूस जेमतेम एक-दोन वाक्ये बोलतो, विचारले तर तीच पुन्हा म्हणतो, आणि त्या तुटक वाक्यांची जुळणी खेळाडूने स्वतः करायची असते, म्हणून वही-पेन्सिल हा या खेळाचा अलिखित भाग ठरतो. जगाचा नकाशा पाहण्यासाठी कोणती दोन बटणे एकत्र दाबावीत हेसुद्धा मटोयाच्या गुहेतील झाडू सांगतात, तेही अक्षरे उलटी करून.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते एल्फलँडच्या दुकानात. जखम भरून काढणारी ‘हील’ ही मात्रा ६० नाण्यांना आणि विषावरचा उतारा ७५ नाण्यांना मिळतो, परंतु एका वेळी एकच नग विकत घेता येत असल्यामुळे वस्तू निवडणे, होकार देणे आणि पुन्हा तीच वस्तू निवडणे हा क्रम तीस-चाळीस वेळा करावा लागतो. तिथेच शस्त्रांच्या दुकानात ४,००० नाण्यांची चांदीची तलवार दिसत असते आणि ती परवडावी म्हणून गावाबाहेरच्या रानात फेऱ्या मारत राक्षसांशी लढत राहणे हा खेळाडूंचा ठरलेला परिपाठ आहे. हा भाग कंटाळवाणा आहे यात शंका नाही, पण त्याला निरर्थक म्हणता येत नाही, कारण पुढच्या गुहेत केलेली प्रत्येक चूक या दुकानात केलेल्या काटकसरीपर्यंत नेऊन भिडवता येते.

दलदलीची गुहा ही साखळीतील सर्वांत कठीण आणि सर्वांत समृद्ध पायरी होय. गुहेच्या आत प्रगती जपण्याची सोय नाही. ती फक्त सरायीत किंवा उघड्या माळावर तंबू ठोकून करता येते, त्यामुळे चारही पात्रे पडली तर आत जाण्यापूर्वीच्या क्षणापासून सारे पुन्हा करावे लागते. जादूचे प्रयोग मोजके असतात, म्हणजे प्रत्येक पातळीचे मंत्र ठरावीक वेळाच म्हणता येतात आणि संपलेले प्रयोग गुहेत भरून निघत नाहीत. वाटेत ‘क्रॉल’ नावाचा सरपटणारा जीव एका झेपेत आठ वार करतो, ज्यांतील प्रत्येक वार अगदी क्षुल्लक असला तरी कोणत्याही एका वाराने पात्र जागीच जखडले जाऊ शकते. ‘स्कम’ या लिबलिबीत गोळ्यावर तलवार जवळजवळ चालतच नाही, तिथे अग्निमंत्र खर्चावा लागतो. विषबाधा झालेल्या पात्राचे बळ चालताना पावलागणिक एकाने घटत जाते. पडद्यावरील रांगेत पहिल्या जागी असलेल्या पात्रावर निम्मे वार येतात, म्हणून तिथे चिलखतधारी योद्धा ठेवून नाजूक जादूगार शेवटी ठेवणे ही प्राथमिक शिस्त आहे. शिवाय दोन पात्रांना एकाच शत्रूवर सोडले आणि पहिल्याच घावात तो मेला, तर दुसऱ्याचा घाव हवेत जाऊन ‘परिणामशून्य’ अशा अर्थाचा शब्द उमटतो, त्यामुळे शत्रूच्या अंगात किती दम उरला असेल याचा अदमास घेऊन घाव वाटून देणे भाग पडते.

तळाच्या मजल्यावर एकसारख्या लहान खोल्यांची जाळी असून त्यांपैकी एका खोलीतील पेटीत मुकुट आहे. पेटीसमोरच्या चौकटीवर पाऊल पडताच ‘विझार्ड’ जातीच्या राक्षसांशी लढाई ठरलेलीच असते. मुकुट हाती आला म्हणजे गुहा संपली असे नवख्या खेळाडूला वाटते, परंतु तोच सारा रस्ता अर्ध्याहून कमी मात्रांवर परत चालायचा असतो, आणि बहुतेक मोहिमा फसतात त्या या परतीतच.

मुकुट घेऊन गढीत गेल्यावर तो विपन्न राजाच अ‍ॅस्टॉस असल्याचे उघड होते. त्याचे बळ १६८ गुणांचे, म्हणजे फार नव्हे, पण त्याचा पहिलाच मंत्र ‘रब’ हा एखाद्या पात्राला थेट मारून टाकू शकतो, आणि मेलेल्याला उठवणारा मंत्र या टप्प्यावर मिळत नसल्यामुळे गावातील दवाखान्यात पैसे भरावे लागतात. इथे कौशल्यापेक्षा नशिबाचा वाटा अधिक आहे, आणि इतक्या काटेकोर हिशेबानंतर तो खटकतो.

अ‍ॅस्टॉसला हरवून मिळालेला स्फटिक मटोयाला देणे आणि राजपुत्राला औषधी पाजणे या पायऱ्या निव्वळ प्रवासाच्या आहेत, त्यांत जोखीम जवळजवळ नाही. त्यानंतरची पायरी मात्र रचनाकारांच्या चातुर्याची साक्ष देते: ज्या बंद दारासमोरून खेळाडू खेळाच्या पहिल्या काही मिनिटांतच गेलेला असतो, तेच दार आता उघडते आणि सुरुंगाच्या दारूसोबत तिथली शस्त्रे व चिलखतेही मिळतात. किल्ली इतर ठिकाणच्या बंद खोल्यांनाही चालते, म्हणून पूर्वी पालथ्या घातलेल्या जागा पुन्हा फिरण्याजोग्या होतात आणि छोट्याशा कार्ट्रिजमधील तोकडे जग न वाढवताही मोठे भासते.

नेरिक दारू घेतो, स्फोट होतो, नकाशावरची चिंचोळी भूपट्टी नाहीशी होते आणि जहाज बाहेरच्या समुद्रात जाते. २०२१ च्या सुधारित ‘पिक्सेल रीमास्टर’ आवृत्तीत मात्रा एकगठ्ठा विकत घेता येतात, मेलेल्या शत्रूवरचा घाव आपोआप दुसऱ्याकडे वळतो आणि प्रगतीही कुठेही जपता येते. हेलपाटे तेवढेच राहिले, त्यांतील हिशेब मात्र सैल झाला. महासागराच्या पलीकडे मेलमंड या उजाड गावापाशी पुढची साखळी लगेच सुरू होते: पृथ्वीगुहेतील रक्तपिपासूला मारून माणिक मिळवावे, ते वाट अडवून बसलेल्या टायटन या अगडबंब प्राण्याला खाऊ घालावे, त्याच्या बोगद्यातून सार्डा या ऋषीकडे जाऊन दंड आणावा आणि त्याच गुहेत पुन्हा उतरावे. ही दुसरी साखळी पहिलीपेक्षा आखूड असली तरी फिकी आहे, कारण तिच्यात एकच गुहा दोनदा तुडवावी लागते आणि दुसऱ्या खेपेला तिचे वरचे मजले जसेच्या तसेच असतात.