मुंबई–नागपूर, दातिवऱ्याहून मोजताना

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरून वैतरणेच्या मुखापलीकडचा अर्नाळा दिसतो. पाण्यावरून अंतर थोडंसं. रस्त्याने मात्र सफाळे, वरई, महामार्ग, विरार असा मोठा वळसा. अर्नाळ्याला किती वेळ लागेल, असं इथल्या कोळ्यांना विचारलं की ते आधी पाणी बघतात. भरती आहे की ओहोटी, वारा कुठला, हे कळल्याशिवाय उत्तर देत नाहीत. विमानाचा हिशेबही असाच करावा लागतो.

तो हिशेब मी इथेच, वहीत मांडून पाहिला. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ पूर्व, नागपूर २१.०९ आणि ७९.०५. अक्षांशांतला फरक दोन अंश, म्हणजे २२२ किलोमीटर. रेखांशांतला सहा अंशांहून थोडा जास्त. पण रेखांश ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात, म्हणून विसाव्या अक्षांशाशी एक अंश १११ नव्हे, साधारण १०४.५ किलोमीटरचा धरायचा. ते झाले ६४६. पायथागोरसचा नियम लावला की उत्तर येतं ६८३ किलोमीटर, म्हणजे ३६९ सागरी मैल. मैल १.८५२ किलोमीटरचा, बोटीवर चालतो तोच वैमानिकही वापरतात.

ताशी ८०० किलोमीटरने भागलं तर ५१ मिनिटं. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास वेळ असतो, आणि तोच खरा. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू होते, नागपूरला जागेवर थांबलं की संपते. धावपट्टीपाशी रांगेत गेलेली मिनिटंही त्यात येतात. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम. उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करायचं आणि इथे वारा बहुतेक समुद्राकडून येतो. म्हणून पूर्वेच्या नागपूरला निघालेलं विमान आधी पश्चिमेला अरबी समुद्रावर जातं, मग वळतं. दहा हजार फुटांखाली वेगही साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवतात. वर गेल्यावर पुन्हा वारा आहेच: हिवाळ्यात पश्चिमेच्या जोरदार वाऱ्यामुळे मुंबईहून कोलकात्याला लवकर पोचता येतं, परतताना जास्त वेळ लागतो. अंतर दोन्हीकडून सारखंच.

आता दातिवऱ्याहून विमानतळ. सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत, पण रस्ता जवळजवळ दुप्पट. २०२५मध्ये सफाळे बाजूच्या जलसारहून विरार बाजूच्या मारंबळपाड्याला वाहनं नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता दीड किलोमीटरच्या जलमार्गावर आला. या भागाला खरा वेळ वाचवून देणारं काम ते आहे. अशा फेऱ्या आणखी हव्यात. बाकी सफाळ्यापर्यंत गाडी, तिथून लोकल, अंधेरीला उतरून रिक्षा, आणि विमानतळावरचा चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. नागपूरला पोचायला जितका वेळ आकाशात जातो, त्याच्या दुपटीहून जास्त आधी जमिनीवरच जातो.

तेव्हा या पट्ट्यातल्या माणसाने तिकीट काढताना आधी सफाळ्याच्या गाड्यांचं वेळापत्रक समोर ठेवावं, विमानाचं नंतर.