विक्रीस काढलेले घर

घर विकण्याचा निर्णय झाला, की मन त्यातून निघू लागते. घराची जबाबदारी मात्र मालकावरच राहते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच पूर्ण होते. केवळ विक्रीचा करार केल्याने मालकी बदलत नाही. करारानंतर ताबा देईपर्यंत घराची व त्याच्या कागदपत्रांची काळजी घेणे हे विक्रेत्याचे कर्तव्य असते.

गळणारा नळ, सैल बिजागरी, फुटलेली काच यांची दुरुस्ती वेळीच करावी. अडगळ काढून घरात उजेड व हवा खेळू द्यावी. घर बंद असल्यास अधूनमधून जाऊन पाहावे. मूळ खरेदीखत, कराच्या पावत्या व विजेची देयके एकत्र ठेवावीत. चौकशीसाठी येणाऱ्यांना मूळ कागद न देता त्यांच्या प्रती द्याव्यात.

डागडुजी करावी, पण दोष झाकू नयेत. भिंतीतील ओल उन्हाळ्यात नव्या रंगाखाली दडते. पहिल्या पावसात ती पुन्हा उमटते. साध्या पाहणीत खरेदीदारास न कळणारा, परंतु आपणास ठाऊक असलेला गंभीर दोष सांगणे विक्रेत्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तो लपवणे ही फसवणूक ठरते. मालकी हक्कातील उणिवेलाही हाच नियम लागू होतो.

घर घेणाऱ्याने बहुधा आयुष्यभराची पुंजी त्यात घातलेली असते. विकणाऱ्याचा व्यवहार जेथे संपतो, तेथेच घेणाऱ्याचा संसार सुरू होतो.